वेस्टमिन्स्टर ते फिन्सबरी : संसदीय राज्यपद्धतीच्या उगमस्थानी

थेम्स नदीच्या डाव्या तीरावर, वेस्टमिन्स्टर पुलाला लागून उभ्या असलेल्या विस्तीर्ण वास्तूला आजही अधिकृतपणे राजवाडाच म्हटले जाते. परंतु १५१२ मध्ये लागलेल्या आगीनंतर आठव्या हेन्रीने तेथील मुक्काम हलवला, तेव्हापासून तेथे कोणत्याही राजाचे वास्तव्य राहिलेले नाही. राजाने सोडलेल्या या वाड्यात पार्लमेंट रुजले आणि त्यातूनच संसदीय राज्यपद्धती, म्हणजे कारभार करणारे मंत्रिमंडळ कायदे करणाऱ्या सभागृहातूनच निर्माण होते, त्याच सभागृहात बसते आणि त्याचा विश्वास असेपर्यंतच टिकते अशी व्यवस्था, हळूहळू आकाराला आली. भारताच्या संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या पद्धतीची बाजू घेतली, तेव्हा त्यांचा मुद्दा असा होता की कारभाऱ्यांच्या जबाबदारीचा हिशेब येथे दोनदा घेतला जातो: एकदा सभागृहात, प्रश्न, ठराव आणि चर्चा यांच्या द्वारे दररोज, आणि दुसऱ्यांदा निवडणुकीत, मतदारांकडून ठरावीक काळाने. लंडनमध्ये ही दोन्ही हिशेबस्थळे पायी आणि भुयारी रेल्वेने एका-दोन दिवसांत पाहता येतात, आणि त्यांच्यापैकी काहींचा मुंबई-महाराष्ट्राशी थेट संबंध आहे.

वेस्टमिन्स्टर स्थानकातून वर येताच समोर ९६ मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा दिसतो. बिग बेन हे नाव मनोऱ्याचे नसून आतील मोठ्या घंटेचे आहे. मनोऱ्याला २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात. रस्त्यापलीकडील पार्लमेंट चौकात चर्चिल, मंडेला यांच्याबरोबर २०१५ मध्ये बसवलेला महात्मा गांधींचा पुतळा आहे, आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटलेल्या मिलिसेंट फॉसेट यांचा, या चौकातील स्त्रीचा पहिला पुतळा, त्यानंतर तीन वर्षांनी उभा राहिला. अभ्यागतांचे प्रवेशद्वार क्रॉमवेलच्या पुतळ्याजवळ आहे, आणि ज्या सेनानीने १६५३ मध्ये सैनिक आणून पार्लमेंट उठवून लावले त्याचाच पुतळा पार्लमेंटने आपल्या दाराशी ठेवावा, यातून त्या देशाचा स्वतःच्या इतिहासाशी असलेला मोकळा व्यवहार दिसतो. सभागृहांचे कामकाज पाहण्यासाठी कोणत्याही देशाच्या नागरिकाला शुल्क द्यावे लागत नाही. विमानतळासारखी तपासणी पार पाडून आणि रांगेत थांबून प्रेक्षक सज्जात जाता येते. शनिवारी आणि सुट्टीच्या काळात तिकीट काढून वास्तू आतून पाहता येते, मात्र तेव्हा बाके रिकामी असतात.

तपासणीनंतर प्रवासी प्रथम वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये पोहोचतो. १०९७ मध्ये दुसऱ्या विल्यमने बांधायला घेतलेला हा दिवाणखाना सुमारे ७३ मीटर लांब आणि २० मीटर रुंद असून, चौदाव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या रिचर्डने त्यावर चढवलेले ओक लाकडाचे छत मधल्या एकाही खांबाशिवाय आजवर टिकले आहे. याच दालनात १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सवर खटला चालून त्याला देहान्त शिक्षा सुनावण्यात आली, आणि राजाही कायद्याला उत्तरदायी आहे हे तत्त्व अत्यंत कठोर रीतीने प्रस्थापित झाले. मराठी वाचकाला येथे दुसऱ्या एका खटल्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. ज्याच्या कारकिर्दीत पहिले इंग्रज-मराठा युद्ध झाले, वडगावला इंग्रज फौजेला शरणागती पत्करावी लागली आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, त्या वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोग १७८८ ते १७९५ अशी सात वर्षे याच छताखाली चालला. महाभियोग म्हणजे कनिष्ठ सभागृहाने आरोप ठेवायचे आणि वरिष्ठ सभागृहाने न्यायाधीश म्हणून निकाल द्यायचा अशी रीत. हेस्टिंग्ज अखेर निर्दोष सुटला, तरी ईस्ट इंडिया कंपनीच्या गव्हर्नर जनरलने केलेल्या कारभाराचा जाब पार्लमेंट विचारू शकते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

१६ ऑक्टोबर १८३४ रोजी जुन्या हिशेबाच्या लाकडी खुणकाठ्या भट्टीत जाळताना भडकलेल्या आगीत हा दिवाणखाना वाचला, पण बाकीचा बहुतेक वाडा भस्मसात झाला. आज दिसणारी गॉथिक शैलीची वास्तू त्यानंतरची असून तिची आखणी चार्ल्स बॅरी याने आणि अंतर्भागातील कोरीव सजावट ऑगस्टस प्युजिन याने केली. दिवाणखान्याच्या पायऱ्या चढून गेल्यावर लागणारे सेंट स्टीफन्स हॉल हे जुन्या राजघराण्याच्या प्रार्थनामंदिराच्या जागी उभे आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून आगीपर्यंत कनिष्ठ सभागृह त्या प्रार्थनामंदिरात भरत असे, आणि अध्यक्षांच्या आसनाची जागा जमिनीतील पितळी खुणांनी आजही दाखवलेली आहे. प्रार्थनामंदिरात गायकवृंदाची बाके समोरासमोर असतात. सभासद त्यांवरच बसू लागले, आणि सत्ताधारी व विरोधक यांनी परस्परांकडे तोंड करून बसण्याची पद्धत रूढ होण्यास ही बैठक कारणीभूत झाली असे मानले जाते. भिंतीवरील मोठ्या चित्रांपैकी एकात जहांगीर बादशहाच्या अजमेर येथील दरबारात उभा असलेला इंग्रज वकील टॉमस रो दाखवला आहे. जवळच्या एका पुतळ्याला १९०९ मध्ये मताधिकाराची मागणी करणाऱ्या एका स्त्रीने स्वतःला साखळीने बांधून घेतले होते, आणि तिला सोडवताना मोडलेली त्या पुतळ्याच्या बुटाची आर मुद्दाम तशीच ठेवण्यात आली आहे. स्त्रियांना मर्यादित मताधिकार १९१८ मध्ये आणि पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार १९२८ मध्ये मिळाला.

यापुढील अष्टकोनी दालनाला सेंट्रल लॉबी म्हणतात, आणि वाड्याची सगळी रचना येथे एका दृष्टिक्षेपात समजते: एका बाजूस हाउस ऑफ कॉमन्स, म्हणजे लोकांनी निवडलेले कनिष्ठ सभागृह, आणि विरुद्ध बाजूस हाउस ऑफ लॉर्ड्स, म्हणजे मुख्यतः नेमलेल्या सभासदांचे वरिष्ठ सभागृह. कोणत्याही मतदाराला येथे येऊन आपल्या खासदाराला भेटीसाठी निरोप धाडता येतो. खासदार भेटेलच असे नाही, परंतु निरोप पाठवण्याचा अधिकार जुना आहे आणि तो आजही वापरला जातो. बैठक सुरू होण्यापूर्वी अध्यक्षांची मिरवणूक राजदंडासह याच दालनातून जाते, त्या वेळी पोलीस अधिकारी टोप्या काढण्याची सूचना मोठ्याने देतो आणि सगळे जण काही क्षण स्तब्ध उभे राहतात. राजदंड हे राजसत्तेने सभागृहाला दिलेल्या अधिकाराचे चिन्ह असून तो मेजावर ठेवला नसेल तर सभागृहाचे कामकाज चालू शकत नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळात राजदंड उचलण्याचे जे प्रसंग वेळोवेळी घडले आहेत, त्यांचा अर्थ या प्रथेच्या प्रकाशात अधिक स्पष्ट होतो.

कॉमन्सचे सभागृह प्रत्यक्षात पाहणाऱ्याला अपेक्षेपेक्षा बरेच लहान वाटते. मे १९४१ मधील जर्मन बॉम्बहल्ल्यात जुने सभागृह नष्ट झाले, तेव्हा ते मोठे आणि अर्धवर्तुळाकार बांधावे अशी सूचना पुढे आली होती. चर्चिलने मात्र आयताकृती आणि सर्वांना पुरणार नाही एवढीच जागा ठेवण्याचा आग्रह धरला, कारण बाजू बदलणाऱ्याला सर्वांदेखत मधली मोकळी जागा ओलांडावी लागावी आणि नेहमीच्या चर्चेत सभागृह ओस दिसू नये, असे त्याचे म्हणणे होते. १९५० मध्ये उघडलेल्या या सभागृहात ६५० सभासदांसाठी केवळ ४२७ जणांना बसता येईल एवढी जागा आहे, आणि महत्त्वाच्या दिवशी अनेक खासदार दाराजवळ आणि पायऱ्यांवर उभे असतात. पुनर्बांधणीसाठी राष्ट्रकुलातील देशांनी वस्तू भेट दिल्या: अध्यक्षांचे आसन ऑस्ट्रेलियाने, मेज कॅनडाने, मेजावरील पेट्या न्यूझीलंडने आणि प्रवेशाची दारे भारत व पाकिस्तान यांनी दिली. दोन्ही बाजूंच्या हिरव्या बाकांपुढे गालिच्यावर तांबड्या रेषा असून भाषण करताना त्या ओलांडायच्या नसतात. दोन रेषांमधील अंतर दोन तलवारींच्या लांबीहून थोडे अधिक असल्याचे परंपरेने सांगितले जाते.

अध्यक्षांच्या उजव्या हाताला सत्ताधारी आणि डाव्या हाताला विरोधक बसतात, आणि पहिल्या ओळीत एका बाजूस मंत्री तर दुसऱ्या बाजूस त्यांच्या प्रत्येक खात्यावर लक्ष ठेवणारे विरोधी पक्षाचे प्रतिमंत्री असतात. विरोधी पक्षनेत्याला १९३७ च्या कायद्यापासून सरकारी तिजोरीतून वेतन मिळते. सरकारवर टीका करणे हे राज्यकारभाराचेच एक अंग मानले गेले, हा त्याचा अर्थ आहे, आणि भारतानेही १९७७ मध्ये असाच कायदा केला. पंतप्रधानांची निवड मतदार थेट करीत नाहीत. ज्याच्यामागे कॉमन्समधील बहुमत आहे त्याला राजा मंत्रिमंडळ बनवण्यास बोलावतो, आणि ब्रिटनमध्ये एकत्र लिहिलेले संविधान नसल्यामुळे ही गोष्टदेखील संकेतावर, म्हणजे न लिहिलेल्या पण सर्वांनी पाळलेल्या नियमावर चालते. २०२२ मध्ये बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस आणि ऋषी सुनक असे तीन पंतप्रधान एकाच वर्षात झाले, आणि मध्ये एकही सार्वत्रिक निवडणूक झाली नाही. बाहेरच्या निरीक्षकाला हे लोकशाहीशी विसंगत वाटले तरी पद्धतीशी ते सुसंगतच होते, कारण २०१९ मध्ये निवडलेले सभागृह तेच होते आणि बहुमत असलेल्या पक्षाने केवळ आपला नेता बदलला होता.

सभागृहाचे अध्यक्ष निवडून आल्यावर आपल्या पक्षाचा राजीनामा देतात, पक्षाच्या बैठकांपासून कायमचे दूर राहतात आणि पुढच्या निवडणुकीत प्रमुख पक्ष त्यांच्याविरुद्ध सहसा उमेदवार देत नाहीत. नव्या अध्यक्षांना सहकारी हात धरून, काहीसे ओढतच, आसनाकडे नेतात; सभागृहाचे अप्रिय म्हणणे राजाला कळवणे हे मूळ काम असल्यामुळे मध्ययुगात काही अध्यक्षांना प्राणास मुकावे लागले होते, याची ही स्मृती आहे. भारतात लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांच्यापासून अध्यक्षपदाची प्रतिष्ठा मोठी राहिली, परंतु पक्षत्यागाचा आणि बिनविरोध निवडीचा संकेत मात्र येथे रुजला नाही, आणि पक्षांतराच्या प्रकरणांत अध्यक्षांच्या निर्णयावर जे वाद होतात त्यांचे एक मूळ या फरकात आहे.

दैनंदिन हिशेबाचे सर्वांत प्रसिद्ध दृश्य बुधवारी दुपारी बारा वाजता दिसते. सुमारे अर्धा तास चालणाऱ्या या प्रश्नोत्तरांत पंतप्रधानांना उभे राहून उत्तरे द्यावी लागतात आणि विरोधी पक्षनेत्याला सहा प्रश्न विचारण्याची संधी असते. गोंगाट, हशा आणि टोमणे यांची रेलचेल असते, परंतु टाळ्या वाजवणे शिष्टाचारात बसत नाही, आणि दुसऱ्या सभासदाला नावाने न संबोधता अमुक मतदारसंघाचे माननीय सभासद असेच म्हणावे लागते. या प्रश्नोत्तरांच्या तिकिटांना मागणी मोठी असते आणि ती ब्रिटनच्या रहिवाशांना त्यांच्या खासदारामार्फत मिळतात. जागा उरल्यासच परदेशी पाहुण्याला प्रवेश मिळतो. गंभीर तपासणी पाहायची असेल तर समित्यांच्या बैठका अधिक उपयुक्त ठरतात. खर्चाची छाननी करणारी लोकलेखा समिती १८६१ पासून चालत आली असून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या सभासदाकडे असते. तेथे आरडाओरडा नसतो. समोर बसलेल्या सचिवाला आकडे विचारले जातात, आणि उत्तर टाळले तर तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो.

मतदानाची वेळ आली की वाड्यात सर्वत्र घंटा वाजू लागतात आणि आठ मिनिटांनी दारे बंद होतात. ठरावाच्या बाजूचे सभासद अध्यक्षांच्या उजवीकडील आणि विरोधातील सभासद डावीकडील मार्गिकेतून चालत जातात व तेथे त्यांची मोजणी होते. म्हणजे मत देणे ही येथे अक्षरशः एका बाजूला चालत जाण्याची क्रिया आहे, आणि त्या गर्दीत सामान्य खासदाराला मंत्र्याशी समोरासमोर बोलता येते म्हणून ही जुनी रीत टिकवली जाते. कोणी कोठे जायचे हे पाहणाऱ्या पक्षाधिकाऱ्याला प्रतोद म्हणतात आणि त्याच्या लेखी सूचनेला पक्षादेश म्हणजेच व्हिप. महत्त्वाच्या मतदानाच्या सूचनेखाली तीन रेघा ओढलेल्या असतात. सप्टेंबर २०१९ मध्ये पक्षादेश मोडणाऱ्या २१ हुजूरपक्षीय खासदारांना पक्षाच्या संसदीय गटातून काढण्यात आले, परंतु त्यांची खासदारकी कायम राहिली. भारतात १९८५ च्या दहाव्या परिशिष्टानुसार अशा सभासदाचे सदस्यत्वच धोक्यात येते. एकेका मताचे मोल किती असते याचे उदाहरण २८ मार्च १९७९ रोजी दिसले, जेव्हा जेम्स कॅलहॅन यांचे मजूर पक्षाचे सरकार ३११ विरुद्ध ३१० मतांनी पडले. एक मजूर खासदार मृत्युशय्येवर असल्याने त्याला आणण्यात आले नव्हते. वीस वर्षांनी, १७ एप्रिल १९९९ रोजी, दिल्लीत अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकारही २६९ विरुद्ध २७० अशा एकाच मताने पडले.

सेंट्रल लॉबीच्या दुसऱ्या टोकाकडे निघाले की हिरव्या रंगाची जागा लाल घेतो आणि सोनेरी नक्षी वाढत जाते. लॉर्ड्सच्या सभागृहात पूर्वी वंशपरंपरेने येणारे सरदार बहुसंख्य होते. १९९९ च्या कायद्याने त्यांतील बहुतेकांचा हक्क गेला आणि आज तेथे प्रामुख्याने आजीव नेमलेले सभासद व चर्च ऑफ इंग्लंडचे २६ बिशप बसतात. प्रत्येक विधेयकाला, म्हणजे कायद्याच्या प्रस्तावाला, दोन्ही सभागृहांत पहिले वाचन, तत्त्वांवर चर्चा होणारे दुसरे वाचन, कलमवार छाननीचा समिती टप्पा, अहवाल आणि तिसरे वाचन अशा पायऱ्या ओलांडाव्या लागतात. १९११ आणि १९४९ च्या पार्लमेंट कायद्यांनी लॉर्ड्सचा नकाराधिकार काढून घेतला, त्यामुळे ते धन विधेयक एक महिना आणि इतर बहुतेक विधेयके सुमारे एक वर्ष लांबवू शकतात, कायमची अडवू शकत नाहीत. शेवटी राजसंमती लागते, पण ती नाकारल्याचे शेवटचे उदाहरण १७०८ मधील आहे. अधिवेशनाच्या उद्घाटनाला राजा लॉर्ड्समध्ये बसतो आणि त्याचा दूत ब्लॅक रॉड कॉमन्सला बोलावण्यास येतो, तेव्हा त्याच्या तोंडावर दार लावले जाते व तीनदा काठी ठोठावल्यावरच उघडले जाते. १६४२ मध्ये पहिला चार्ल्स पाच सभासदांना पकडण्यासाठी सभागृहात शिरला होता, तेव्हापासून कोणताही राजा कॉमन्समध्ये पाऊल ठेवत नाही. राजा जे भाषण वाचतो ते मंत्रिमंडळाने लिहिलेले असते.

याच दोन सभागृहांनी भारतासाठी १८५८, १९१९ आणि १९३५ चे कायदे केले आणि १८ जुलै १९४७ रोजी राजसंमती मिळालेला स्वातंत्र्याचा कायदाही येथेच मंजूर झाला. १९१९ च्या विधेयकावर विचार करणाऱ्या संयुक्त समितीपुढे लोकमान्य टिळकांनी लंडनमध्ये साक्ष दिली, तर १२ नोव्हेंबर १९३० रोजी पंचम जॉर्जने लॉर्ड्सच्या सभागृहाजवळील रॉयल गॅलरीत पहिल्या गोलमेज परिषदेचे उद्घाटन केले, त्या वेळी डॉ. आंबेडकर प्रतिनिधी म्हणून उपस्थित होते. भारतीयांचे भवितव्य ठरवणाऱ्या या सभागृहांत भारतातील जनतेला मत नव्हते, आणि साक्षीदार किंवा निमंत्रित एवढीच बहुतेक भारतीयांची पायरी होती, हे या सोनेरी दालनांतून फिरताना नजरेआड करता येत नाही.

राजवाड्यातून बाहेर पडून व्हाइटहॉल रस्त्याने काही मिनिटे चालले की लोखंडी फाटकाआड डाउनिंग स्ट्रीट दिसते. तेथील दहा क्रमांकाच्या घरासमोर २२ मे २०२४ रोजी भर पावसात सुनक यांनी निवडणूक जाहीर केली, आणि दुसऱ्या प्रकारचा, मतदारांचा हिशेब सुरू झाला. सभागृहाची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची असते. २०११ च्या कायद्याने निवडणुकीची तारीख निश्चित करण्याचा प्रयोग केला होता, पण २०२२ मध्ये तो कायदा रद्द झाल्यापासून सभागृह विसर्जित करण्याची विनंती पंतप्रधान सोयीनुसार राजाला करू शकतात. विसर्जनापासून मतदानापर्यंत कामाचे २५ दिवस मिळतात. भारताप्रमाणे संपूर्ण निवडणूक घेणारा एकच आयोग तेथे नाही. मतदान आणि मोजणीची व्यवस्था स्थानिक पालिकांशी संलग्न निवडणूक निर्णय अधिकारी करतात, आणि २००० च्या कायद्याने स्थापन झालेला आयोग मुख्यतः पक्षांचा पैसा व नियमपालन यांवर देखरेख ठेवतो. मतदारसंघांच्या सीमा स्वतंत्र आयोग आखतात, आणि २०२४ साठी काही बेटांचे अपवाद सोडून प्रत्येक मतदारसंघात ६९,७२४ ते ७७,०६२ मतदार असावेत असे बंधन होते. लोकसभेच्या मतदारसंघात पंधरा-वीस लाख मतदार असतात हे लक्षात घेतल्यास, तेथील खासदार शनिवारी वाचनालयात बसून मतदारांच्या तक्रारी स्वतः कशा ऐकू शकतो याचा उलगडा होतो.

उमेदवाराला त्या मतदारसंघातील दहा मतदारांच्या सह्या द्याव्या लागतात आणि ५०० पौंड अनामत भरावी लागते, आणि पाच टक्क्यांहून कमी मते पडल्यास ती जप्त होते. १९३५ पासूनची प्रत्येक सार्वत्रिक निवडणूक गुरुवारीच झाली आहे. शाळा, चर्चचे सभागृह, वाचनालय, क्वचित मद्यगृह अशा ठिकाणी सकाळी सात ते रात्री दहा मतदान चालते. मतदार पडद्याआड जाऊन दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने कागदी मतपत्रिकेवर फुली करतो, बोटाला शाई लावली जात नाही, आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवण्याची सक्ती सार्वत्रिक निवडणुकीत २०२४ मध्ये प्रथमच लागू झाली. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुलातील नागरिकांना तेथील निवडणुकीत मत देता येते, त्यामुळे नोकरीनिमित्त लंडन किंवा मँचेस्टरला राहणारा पुण्याचा वा कोल्हापूरचा प्रौढ रहिवासी भारतीय नागरिक असतानाच मतदारयादीत नाव नोंदवू शकतो आणि भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून दाखवू शकतो. भारतात मात्र परदेशी नागरिकाला असा हक्क नाही.

मोजणी त्याच रात्री क्रीडागृहांत आणि नगरभवनांत होते. निकाल जाहीर होताना सर्व उमेदवार एकाच मंचावर ओळीने उभे राहतात, आणि सत्तेवर असलेल्या पंतप्रधानांनाही डोक्यावर कचऱ्याची बादली घातलेल्या विनोदी उमेदवाराशेजारी थांबावे लागते; २०२४ मध्ये सुनक यांच्या मतदारसंघात हेच दृश्य दिसले. सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो, त्याला निम्मी मते मिळालीच पाहिजेत असे नाही, आणि या नियमाचे परिणाम कधीकधी टोकाचे होतात. ४ जुलै २०२४ रोजी मजूर पक्षाला सुमारे ३४ टक्के मतांवर ४११ जागा मिळाल्या, रिफॉर्म पक्षाला १४ टक्क्यांहून अधिक मतांवर फक्त ५, तर त्याहून कमी मते असलेल्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाला ७२. पसंतीक्रमाची पद्धत आणण्याचा प्रस्ताव २०११ च्या सार्वमतात मोठ्या फरकाने फेटाळला गेला होता. या नियमामुळे सहसा स्पष्ट बहुमत आणि लगेच बदलणारे सरकार मिळते, परंतु त्याची किंमत विखुरलेल्या मतांना द्यावी लागते. भारतानेही हाच नियम स्वीकारलेला असल्यामुळे ही त्रुटी आपल्याकडेही तशीच आहे.

लंडनच्या मध्यभागातील फिन्सबरी हा परिसर या प्रवासात वगळता येत नाही. एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्राध्यापक झालेले मुंबईचे दादाभाई नौरोजी १८८६ मध्ये होबर्न मतदारसंघात पराभूत झाले. भारतीय माणसाला ब्रिटिश मतदार निवडून देतील काय अशी शंका तत्कालीन पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी त्यांच्या वर्णावरून जाहीरपणे व्यक्त केली, तेव्हा तिचे उलट पडसाद उमटून दादाभाईंचे नाव देशभर झाले, आणि १८९२ मध्ये मध्य फिन्सबरीतून ते उदारमतवादी पक्षाचे खासदार म्हणून अवघ्या पाच मतांनी निवडून आले. त्यांनी शपथ अवेस्ता या पारशी धर्मग्रंथावर हात ठेवून घेतली. भारतातील संपत्ती ब्रिटनकडे कशी वाहून जाते हा आर्थिक निःसारणाचा सिद्धांत त्यांनी सभागृहात मांडला, आणि सनदी सेवेच्या परीक्षा इंग्लंडबरोबर भारतातही घ्याव्यात असा ठराव १८९३ मध्ये कॉमन्सने मंजूर केला, पण सरकारने तो अमलात आणला नाही, कारण सभागृहाचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. १८९५ मध्ये दादाभाई पराभूत झाले. त्याच निवडणुकीत मुंबईचेच मंचरजी भावनगरी हुजूर पक्षातर्फे, तर १९२२ मध्ये शापुरजी सकलातवाला बॅटरसीतून निवडून आले. मुंबईच्या तीन पारशांनी तीन वेगळ्या विचारसरणींतून हे सभागृह गाठले. रोजबरी अव्हेन्यूवरील जुन्या फिन्सबरी नगरभवनावर दादाभाईंचा स्मृतिफलक आहे आणि जवळच्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे.

तेथून भुयारी रेल्वेने चॉक फार्म स्थानकावर उतरले की दहा, किंग हेन्रीज रोड हे घर थोड्याच अंतरावर आहे. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर येथे राहत होते; महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये हे घर विकत घेतले आणि आता ते स्मारक म्हणून पाहता येते. अमेरिकेत शिकलेल्या आंबेडकरांना अध्यक्षीय पद्धत चांगली परिचित होती. त्या पद्धतीत सरकार अधिक स्थिर असते, हेही त्यांनी मान्य केले होते. तरीही स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक महत्त्व देऊन त्यांनी संसदीय पद्धतीची बाजू मांडली. वेस्टमिन्स्टरमधील रूढी, पोशाख आणि राजदंड यांतले फारसे काही उसने घेण्याजोगे नाही. घेण्याजोगी गोष्ट एवढीच की तेथे बैठकीचा वेळ सरकारला जाब विचारण्यासाठी राखून ठेवला जातो आणि तो सहसा वाया जाऊ दिला जात नाही. लंडनहून परतलेल्या मराठी प्रवाशाने प्रवेशपत्रिका मिळवून मुंबईच्या विधान भवनाच्या किंवा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या प्रेक्षक सज्जात एखादा दिवस बसावे, किती प्रश्न पुकारले गेले, किती उत्तरे मिळाली आणि किती वेळ गोंधळात गेला याची नोंद ठेवावी, आणि पुढच्या मतदानाला जाताना ती नोंद बरोबर घ्यावी. पाच वर्षांचा हिशेब रोजच्या हिशेबावरूनच मांडता येतो.